पेपर खाली गेला नाही

वाकोल्याच्या आमच्या चाळीत एकच पेपर दोन माणसं वाचायची. पैसे बाबा भरायचे. सकाळी साडेसहाला पोऱ्या गॅलरीत पेपर टाकून जायचा आणि चहाच्या कपाबरोबर बाबा तो पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या ओळीतल्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचे. आवडलेली बातमी आईला ऐकू जाईल अशा आवाजात. नऊला कामावर निघताना ते पेपरची घडी जिन्याखालच्या दुकानात, मास्तरांच्या मशीनवर ठेवून जायचे.

मास्तर म्हणजे आमचे टेलरमास्तर. खेडकडचे कोकणी मुसलमान. आईला वहिनी म्हणायचे, बाबांना भाऊसाहेब. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चष्मा नाकावर ओढून ते पेपर उघडायचे आणि आधी शब्दकोड्याकडे वळायचे. बाबांनी अर्धं सोडवलेलं असायचं, उरलेलं मास्तर पुरं करायचे. संध्याकाळी बाबा परतले की जिन्यातच विचारणा व्हायची, ‘सतरा उभा काय निघाला हो मास्तर?’ पेपर शिळा झाला की मास्तर त्याची पेपर कटिंगं करायचे. नेहमीच्या बायकांच्या मापाची पाठ, कटोरी, बाही, सगळं कातरून, त्यावर पेन्सिलीने नाव घालून खिळ्याला अडकवलेलं असे. कुणाच्या बाहीवर क्रिकेटचा धावफलक, कुणाच्या पाठीवर सोन्याचा भाव.

हे सगळं मला आठवलं ते २०२०च्या ऑगस्टमध्ये, औषधाच्या दुकानासमोरच्या रांगेत उभी असताना.

कलिन्याला डीआरडीओचं अतिथिगृह आहे. अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूचा तपास सीबीआयकडे गेला आणि दिल्लीहून आलेलं पथक तिथे उतरलं. २८ तारखेला त्याची मैत्रीण रिया चक्रवर्तीला चौकशीला बोलावलं होतं. त्या वेळी आम्ही सांताक्रूझची माणसं करोनाने पिचून गेलो होतो. दुकानाबाहेर चुन्याचे गोल आखलेले, एकेका गोलात एकेक माणूस, शेजारणीशी बोलायचं तर मान वळवून ओरडायचं. आणि त्याच भागात, छपरावर तबकडी घेतलेल्या गाड्यांच्या भोवती, माणसावर माणूस. कॅमेरे कुंपणाच्या वर उचललेले. एखादी काच चढवलेली गाडी दिसली की सगळा जमाव तिच्यावर तुटून पडायचा.

माझ्या पुढच्या गोलात उभ्या मुलाच्या फोनवर तेच चालू होतं. रस्त्यावरचा वार्ताहर बोलायचा आणि काही क्षणांनी तेच वाक्य फोनमधून यायचं. मधल्या त्या क्षणांत मी वार्ताहराकडे पाहत होते. पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल. कॅमेऱ्याची नजर दुसरीकडे वळली की त्याचे खांदे पडायचे, बाटलीतलं पाणी तो घोट-घोट जपून प्यायचा. एकदा तो आमच्याकडे आला आणि मला म्हणाला, ‘काकू, इथे जवळ टॉयलेट मिळेल का कुठे?’ हॉटेलं बंद, कुठलीही सोसायटी बाहेरच्याला आत घेईना. मी त्याला पेट्रोल पंपाचा रस्ता सांगितला. तो गेला, आला, कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि त्याचा आवाज पुन्हा चढला. चौकशीला बोलावलेल्या एका बाईबद्दल तो असं बोलत होता की जणू निकाल लागला आहे आणि शिक्षा तेवढी ऐकवायची राहिली आहे. रांगेत माझ्यामागची बाई म्हणाली, ‘हिनेच संपवला त्याला.’ मी गप्प बसले. जूनपासून रोज रात्री जेवताना मीही तेच बघत होते.

माध्यमांमुळे समाजात हिंसा वाढते का, हा प्रश्न मी एकतीस वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवताना असंख्य वेळा ऐकला. हल्ली आमच्या इमारतीत ऐकते. गेल्या वर्षी आवारात क्रिकेट खेळताना एका मुलाने दुसऱ्याच्या कपाळावर बॅट मारली, सात टाके पडले. सोसायटीची बैठक भरली. मोबाइलवरचे गेम, वेब सीरिज, साउथचे मारधाडीचे सिनेमे, अर्ध्या तासात सगळ्यांची नावं घेऊन झाली. मारणाऱ्या मुलाचे वडील बैठकीत सर्वांत मोठ्याने मोबाइलला दोष देत होते. त्यांच्या घरातून रात्री येणारे आवाज आमच्या मजल्यावर सगळ्यांना ऐकू येतात. वर्गात ज्या मुलाचा हात पहिल्यांदा उठतो त्याच्यावर घरी हात उठत असतो, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की त्याबद्दल आता मला शंका उरलेली नाही.

पडद्यावरचं रक्त पाहून माणूस रक्त सांडतो, हे मला कधी पटलं नाही. १९६८ साली रामन राघवने उपनगरांत पदपथांवर, झोपड्यांत झोपलेली माणसं मारली. आई तेव्हा नुकतीच लग्न होऊन वाकोल्याला आली होती. तिच्याकडून ऐकलंय, उकाड्यातही बाहेर कुणी खाट टाकत नसे आणि पुरुषमंडळी काठ्या घेऊन पाळीने जागायची. तो ऑगस्टमध्ये पकडला गेला. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. त्याच्या हातातलं हत्यार त्याला कुठल्या पडद्याने दिलं नव्हतं.

आपला समाज मात्र दाखवण्यालाच फार घाबरतो. पार्ल्यात राहणाऱ्या विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणलं तेव्हा मारहाणीत गर्भपात झालेल्या बाईच्या साडीवरचा लाल डाग परिनिरीक्षण मंडळाला चालेना. डाग निळा करावा लागला. निळा डाग लालच समजावा, असं प्रेक्षकांना सांगून प्रयोग होऊ लागले. ज्या घरात बापाला, बहिणीला मारलं जातं त्या घराबद्दल तक्रार नव्हती, डागाच्या रंगाबद्दल होती. तेंडुलकरांनी पुढे नेहरू फेलोशिप घेऊन हिंसेचा अभ्यास केला, तुरुंगांत आणि खेड्यांत जाऊन माणसांशी बोलले. आपल्या नाटकांमुळे कुणी हिंसक झालं, असं त्यांच्या कट्टर विरोधकांनाही दाखवता आलं नाही. ‘गिधाडे’ पाहून माणूस घरी जातो तो आपल्याच घराकडे नीट पाहायला लागतो.

तेव्हा दाखवणं हा गुन्हा नाही असं मी मानत आले. पण दाखवणं आणि बोट दाखवणं या दोन गोष्टी आपल्या भाषेने अगदी शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. सिनेमात मरतो तो कुणीच नसतो. पेपरातलं, चॅनेलवरचं, फोनवरचं बोट ज्याच्याकडे वळतं तो जिन्याखाली राहत असतो.

यात कधीकधी नुसतं दाखवणंसुद्धा बोट होऊन बसतं. मुंबईवर अतिरेक्यांचा हल्ला झाला त्या २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री पार्ल्याला हायवेवर टॅक्सीत स्फोट झाला, तो धमाका आमच्या खिडकीची तावदानं हलवून गेला. मग टीव्ही लावला तो तीन दिवस बंद झाला नाही. २८ तारखेला सकाळी नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरणारे कमांडो मी जेवण टाकून बघितले, आणि मनातल्या मनात त्यांना सांभाळून उतरा म्हणत होते. तेच दृश्य सीमेपलीकडे बसून अतिरेक्यांना फोनवर सूचना देणारेही बघत असणार, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. त्यांच्यातल्या पकडल्या गेलेल्या कसाबच्या अपिलाचा निकाल देताना २९ ऑगस्ट २०१२ला सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे मारले. ओलिसांचे आणि जवानांचे जीव त्याने धोक्यात घातले, असं म्हटलं. २०१५मध्ये नियमच झाला की अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच दाखवायचं. या नियमाबद्दल मला काही तक्रार नाही. ही चूक नकळत झालेली होती आणि ती दुरुस्त करता आली.

जानेवारी १९९३ची दुरुस्त करता आली नाही.

बाबरी मशीद पाडल्यानंतरची डिसेंबरमधली दंगल शमली असं वाटत होतं. नव्या वर्षात मी पहिल्या पगाराची काळी साडी घेतली. संक्रांतीला नेसायची म्हणून ब्लाउजपीस मास्तरांकडे दिला. कटोरीचा ब्लाउज, कोपरापर्यंत बाही. ‘तेरा तारखेला न्या,’ मास्तर म्हणाले. पाच तारखेच्या रात्री डोंगरीत माथाडी कामगारांचे खून झाले. आठ तारखेच्या पहाटेआधी जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत एका हिंदू कुटुंबाची खोली बाहेरून बंद करून पेटवली. सहाजण गेले. जोगेश्वरी आमच्यापासून तीन स्टेशनं. या दोन्ही गोष्टी घडल्या होत्या, कुणी रचल्या नव्हत्या. त्या छापू नयेत असं कुणीच म्हणणार नाही.

पण ही बातमी छापून आली त्या सकाळी बाबांनी पेपर मोठ्याने वाचला नाही. चहा थंड झाला. त्यांनी पेपर चार घड्या करून गादीखाली सारला. नऊला निघाले ते रिकाम्या हाताने. आईने विचारलं, ‘मास्तरांना पेपर?’ बाबा चपला घालत म्हणाले, ‘आज राहू दे.’

मी तो गादीखालून काढून वाचला. बातमीत काय झालं ते चार ओळींत होतं. बाकी सगळीकडे कुणी केलं याचंच बोट होतं, आणि ते बोट कुणा ठरावीक आरोपींकडे नव्हतं, एका अख्ख्या समाजाकडे होतं. ‘ते’ हा शब्द पानभर होता. त्यात मास्तरांचं नाव नव्हतं आणि तरी पान वाचून झाल्यावर मला जिन्याखालून येणारा मशीनचा आवाज वेगळा ऐकू आला. मला हे लिहायला आज बत्तीस वर्षांनीसुद्धा जड जातं. मी त्यांना लहानपणापासून ओळखत होते. माझा पहिला परकर त्यांनी शिवला होता. आणि एका पानाने मला त्यांच्या मशीनच्या आवाजाकडे कान देऊन ऐकायला लावलं.

दुसऱ्या दिवशी पेपर खाली गेला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. दिवसभर संचारबंदी, रात्री गस्त. चाळीच्या तोंडाशी शेकोटी, सोड्याच्या बाटल्यांचा ढीग, फुटक्या ट्यूबलाइट, तिखटाच्या पुड्या. बाबांसारखा, उंदीर पिंजऱ्यात सापडला तरी लांब नेऊन सोडणारा माणूस, हातात लोखंडी पाइप घेऊन उभा. एका रात्री हूल उठली, जुहूला होड्यांतून हत्यारं उतरली. सगळे धावले. होडी नव्हती, हत्यारं नव्हती, काही नव्हतं. पण त्या पंधरा मिनिटांत चाळीतल्या प्रत्येकाची नजर एकदा तरी जिन्याखालच्या बंद फळ्यांकडे गेली. गस्तीला मास्तरांना कुणी बोलावलं नव्हतं. आदल्या महिन्यात ते आमच्याबरोबर जागले होते.

आमच्या चाळीत कुणी कुणाला बोट लावलं नाही. तेराव्या तारखेला मास्तरांच्या हाताखालचा पोरगा एक पुडकं घेऊन वर आला. ‘मास्तर गेले. मुंब्र्याला, भावाकडे. हे द्यायला सांगितलंय.’ पुडक्यात माझा ब्लाउज होता, कापलेला, न शिवलेला. पाठ, कटोऱ्या, बाह्या, सगळ्या तुकड्यांवर खडूच्या खुणा, आणि त्यांना टाचण्यांनी लावलेली पेपर कटिंगं. वर आगाऊ घेतलेले दहा रुपये. आई ते पुडकं मांडीवर घेऊन खूप वेळ बसली होती. बाबा म्हणाले, ‘पेपर बंद केला तेव्हाच त्याला कळलं असणार.’ मास्तरांना त्यांनी ‘तो’ म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. विमानतळाजवळचं सेंटॉर हॉटेल त्यात होतं, आमच्या अंगणातलंच म्हणावं असं. त्यानंतर मास्तर परत येतील का, असं चाळीत कुणी विचारलं नाही. जिन्याखाली एसटीडी-पीसीओ आला.

दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने आपला अहवाल फेब्रुवारी १९९८मध्ये दिला. दोन्ही टप्पे मिळून ९०० मृत्यू, त्यांपैकी ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. ‘सामना’ आणि ‘नवाकाळ’ या दैनिकांची नावं घेऊन आयोगाने म्हटलं की माथाडींचे खून आणि राधाबाई चाळीची घटना यांच्या अतिरंजित वर्णनांनी हिंदूंच्या भावना भडकवल्या, आणि मुसलमान आधुनिक शस्त्रं घेऊन हल्ला करणार असल्याच्या अफवा पसरवल्या गेल्या. त्याआधीच राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसोझा आणि पत्रकार दिलीप ठाकोर ‘सामना’च्या अग्रलेखांविरुद्ध उच्च न्यायालयात गेले होते. कलम १५३अ खाली खटला भरा, एवढीच मागणी. १९९४मध्ये ती फेटाळली गेली. हे लिखाण सगळ्या समाजाविरुद्ध नसून त्यातल्या देशविरोधी लोकांविरुद्ध आहे, असं न्यायालयाला वाटलं. मी कायदा शिकलेली नाही. मला एवढंच माहीत आहे की वाकोल्याच्या चाळीत अशा लिखाणातून ‘त्यातले काही’ असं कुणी वाचलं नव्हतं.

आणि तरी या कलमापाशी मी अडखळते, कारण त्याचा जन्म मला माहीत आहे. २२ जून १८९७ला पुण्यात प्लेगचा अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच्याबरोबरचा अधिकारी आयर्स्ट तिथल्या तिथे गेला, रँड जुलैच्या सुरुवातीला. गोळ्या झाडणाऱ्या चापेकरांचं नाव पुढे येण्याआधीच इंग्रजी वृत्तपत्रं आणि सरकार यांचं बोट ‘केसरी’कडे वळलं होतं. आठवडाभर आधीच्या अंकात शिवाजी उत्सवाचा वृत्तान्त आणि अफझलखानाच्या वधाची चर्चा आली होती. लिखाण आणि खून यांचा धागा कुणी सिद्ध केला नाही. ‘केसरी’च्या टिळकांवर खटला राजद्रोहाचा झाला. जूरीतले सहा युरोपीय दोषी म्हणाले, तिघे हिंदी निर्दोष म्हणाले. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी सरकारने राजद्रोहाचं कलम अधिक आवळलं आणि समाजासमाजांत वैर पसरवण्याचं नवं कलम दंडसंहितेत घातलं. तेच १५३अ. आज न्याय संहितेत त्याचा आकडा १९६ आहे.

शाळेत हा धडा शिकवताना मी नेहमी टिळकांच्या बाजूने असायचे, आजही आहे. प्लेगच्या नावाखाली घराघरांत घुसणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल लिहिणं आणि जिन्याखालच्या शिंप्याबद्दल लिहिणं एका मापाने मोजता येत नाही. एकाच्या हाती सोजिरांची तुकडी होती, दुसऱ्याच्या हाती कात्री. पण एका मुलीने मला वर्गात विचारलं होतं, ‘बाई, आयर्स्टने काय केलं होतं?’ मी तिला म्हटलं, पुढच्या तासाला बोलू. बोलले नाही. बोट वरच्याकडे दाखवलं तरी गोळी कुणाला लागेल ते बोट ठरवत नाही, हे मी तिला सांगायला हवं होतं. आणि हेही, की लिखाणाने हिंसा होते हा आरोप तेव्हा सत्तेने आपल्या टीकाकारावर केला, आणि पुढे जेव्हा तो आरोप खरोखर लागू पडत होता तेव्हा सत्ता गप्प राहिली.

२०१८ साली बोट माझं होतं.

त्या जूनमध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचे निरोप गावोगाव फिरत होते. एका चित्रफितीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून पळतात. मूळ चित्रफीत कराचीतली, मुलांना जपा असं सांगण्यासाठी केलेली. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. माझ्याकडे आला तो नुसता आवाज होता, एका घाबरलेल्या बाईचा, शुद्ध मराठीत. अमक्या नाक्यावर साधूच्या वेषात आले होते, आपल्या मुलांना सांभाळा. मी तो आमच्या इमारतीच्या गटावर टाकला, शाळेतल्या बायकांच्या गटावर टाकला, धुळ्याच्या माझ्या नणंदेला पाठवला. खरं-खोटं बघायचं मनातही आलं नाही. शिक्षिकेने पाठवलेला निरोप म्हणून तो पुढच्यांनी अधिक विश्वासाने पाठवला असणार.

१ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवड्याचा बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी भिक्षा मागत तिथे आले होते. पिढ्यान्‌पिढ्या डमरू वाजवत गावोगाव फिरणारे लोक. त्यांच्यातल्या कुणीतरी एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला म्हणून हूल उठली. पाचजणांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच मारून टाकलं. मारतानाचं चित्रीकरणही झालं आणि तेही फोनवरून फिरलं. महिना संपायच्या आत व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. पाच. मी तेव्हा किती ठिकाणी पाठवला होता ते मोजलं. तीनच. मर्यादेच्या आत.

माझा निरोप राईनपाड्याला पोचला असं मी म्हणत नाही. ते कुणी सांगू शकणार नाही. पण नणंद म्हणाली होती, ‘बरं झालं पाठवलंस, इकडेही सगळे तेच बोलतायत.’ बोलतायत या शब्दात मी होते. ज्या आठवड्यात डवरी गोसाव्यांना गावात पाय टाकताना आपल्या वेषाची भीती वाटू लागली, त्या आठवड्यात ती भीती ज्या हातांनी पसरवली, त्यांत माझा हात होता. पूर्वी पेपर काढायला छापखाना लागायचा, मालक लागायचा, न्यायालयात उभा करता येईल असा संपादक लागायचा. आता पेपर मी काढते, जेवण झाल्यावर, पलंगावर आडवी होऊन.

म्हणून मला माध्यमं दोषी की समाज दोषी असं वेगळं करता येत नाही. दंगलीतल्या त्या पानावर छापणाऱ्याचा दोष आहे आणि तो धुतला जाऊ नये. आयोगाने नावं घेऊनही काही झालं नाही, याचा राग मला अजून आहे. पण पान गादीखाली सारणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे. बाबांनी तो पेपर खाली का दिला नाही, यावर मी वर्षानुवर्षं विचार केला. मास्तरांना लागू नये म्हणून? की मास्तरांनी तो वाचला आहे हे माहीत झाल्यावर त्यांच्या डोळ्यांत बघावं लागेल म्हणून? खाली उतरून, मशीनवर पेपर ठेवून, ‘मास्तर, हे बघा काय लिहिलंय, हे मला मान्य नाही’ एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? ते म्हणता आलं असतं तर मास्तर राहिले असते का, ते मला ठाऊक नाही. मुंबईत तेव्हा असं म्हणणाऱ्यांच्या शेजारचेही गेले.

कलिन्याच्या रांगेत मीही ते म्हटलं नाही. एक बाई चौकशीला आली आहे, अजून काही ठरलेलं नाही, एवढं मागच्या बाईला वळून सांगता आलं असतं. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये वेळ घालवायला मांडलेला खोटा खटला बघता बघता खरा होतो आणि एकटी बेणारे कोंडली जाते. तिथे प्रत्येकजण कोर्टात काही ना काही होऊन बसलेला असतो. आमच्या रांगेत प्रत्येकजण आपापल्या गोलात होता. जानेवारी २०२१मध्ये, काही निवृत्त पोलीस अधिकारीही ज्यांत अर्जदार होते अशा याचिकांवर, मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांनी चालवलेले असे खटले न्यायात ढवळाढवळ करतात असं बजावलं. मार्च २०२५मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. त्या दिवशी आमच्या गटावर त्याची बातमी एकाने टाकली. खाली कुणी काही लिहिलं नाही. मीसुद्धा दोनदा लिहिलं आणि पुसलं. तिसऱ्यांदा लिहिलं, ‘मी रोज बघत होते. माझं चुकलं.’ आणि पाठवलं.

गेल्या दिवाळीत माळ्यावरची आईची ट्रंक उतरवली. तळाशी काळ्या कापडाचे तुकडे होते, टाचण्या गंजून कापडाला तपकिरी डाग पडलेले. पेपर कटिंगं पिवळी, पण शाबूत. पाठीच्या तुकड्यावर पेन्सिलीने माझं नाव, मराठीत, ‘ताई’ लावून, आणि त्याखाली माप. बाहीचा तुकडा उलटा करून पाहिला तर त्यावर शब्दकोडं होतं, डिसेंबरमधलं कुठलंसं. बरेचसे आडवे शब्द बाबांच्या तिरप्या अक्षरात, उभे मास्तरांच्या गोल अक्षरात. सतरा उभा अर्धाच आहे. खालची तीन घरं कात्रीत गेलीत.